आईचे दूध आणि डब्याचे दूध

बाळंतपण होऊन तीनचार दिवस लोटले की पुष्कळ घरांत एक वाक्य कानी पडते: 'हिला दूध पुरत नाही.' कधी ते सासूबाई म्हणतात, कधी शेजारीण म्हणते, आणि कधी ती बाळंतीणच रात्री रडवेली होऊन म्हणते. वाक्य अवघ्या चार शब्दांचे. परंतु त्याच्या पाठोपाठ दुधाच्या भुकटीचा डबा घरात येतो, बाटली येते, आणि महिन्याभराने पाहावे तो अंगावरचे दूध खरोखरीच आटलेले असते. जी केवळ शंका होती ती खरी होऊन बसते. असे का होते, आणि वरच्या दुधाची खरोखर गरज पडल्यास आईचे दूध न आटवता बाळाचे पोट कसे भरावे, याचा आज आपण विचार करू.

आईचे दूध हे रांजणात भरून ठेवलेल्या पाण्यासारखे नसते. ते उपसा होत राहणाऱ्या विहिरीसारखे असते. बाळ ओढू लागले म्हणजे आईच्या मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून दोन रस रक्तात उतरतात. त्यांपैकी प्रोलॅक्टिन दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन तयार झालेले दूध पुढे लोटते. याउलट स्तनात दूध साचून राहिले तर तेच साचलेले दूध पुढील निर्मिती मंद करते. म्हणून डब्याच्या दुधाचा जो घोट बाळाच्या पोटात जातो, तेवढी मागणी आईच्या अंगाकडे पोहोचत नाही, आणि अंग ती कमी झाली असे समजून आपला पुरवठा घटवते. मिश्र आहाराची सारी अडचण यात आहे आणि तिचा उपायही यातच आहे.

प्रथम पाहावयाचे ते हे की, दूध खरोखर अपुरे आहे काय? पहिले दोनतीन दिवस येणारा पिवळसर चीक प्रमाणाने थोडाच असतो. एका वेळेस चमचाभर निघाला तरी नवजात अर्भकाच्या इवल्याशा जठरास तो बहुधा पुरतो, आणि रोगांशी झगडण्याची शक्ती त्यातूनच मिळते. तो पिळून टाकून देण्याची जुनी चाल सर्वस्वी चुकीची होय. त्याऐवजी मध चाटवणे तर धोक्याचे. एक वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये. साखरपाणी आणि गुटीही नकोत. तिसऱ्याचौथ्या दिवसापासून दूध भरू लागते. सिझेरियन झाले असल्यास त्यास आणखी एखादा दिवस लागू शकतो.

बाळ रडते, एवढ्यावरून दूध कमी असे ठरवू नये. बाळे अनेक कारणांनी रडतात. स्तन मऊ लागणे किंवा पिळून थोडेच दूध निघणे, हीही खात्रीची लक्षणे नव्हेत. विश्वासू साक्षीदार दोन: लंगोट आणि वजनकाटा. पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करावी आणि तिचा रंग फिकट असावा. जन्मानंतर प्रथम वजन थोडे घटते, ते स्वाभाविक आहे. परंतु सुमारे दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यावे, आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावे. महाराजा यशवंतराव रुग्णालयासारखे मोठे रुग्णालय असो वा मोहल्ल्यातील अंगणवाडी, वजनकाटा कोठेही मिळेल. तो न पाहता डबा उघडणे म्हणजे ताप न मोजता औषध देण्यासारखे आहे.

तथापि काही मातांचे दूध खरोखरीच कमी पडते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बाळंतपणात फार रक्तस्राव होणे, वारेचा अंश आत राहणे, थायरॉइडचा विकार, स्तनावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, ही त्याची काही कारणे. कधी बाळच अपुऱ्या दिवसांचे असते आणि त्याला ओढण्याची ताकद नसते. कधी जुळी असतात. कधी रक्तातील साखर घसरते किंवा वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटते. अशा वेळी वरचे दूध हे औषधच आहे. ते देणाऱ्या मातेने स्वतःस अपराधी मानण्याचे कारण नाही, आणि इतरांनी तर तिला तसे मुळीच भासवू नये. बाळाला उपाशी ठेवून पाळलेल्या नियमाला नियम म्हणता येत नाही.

आता ते कसे द्यावे? पहिली गोष्ट म्हणजे क्रम. दर खेपेस आधी बाळास दोन्ही बाजूंना पाजावे आणि मगच वरचे दूध द्यावे. नंतर आईने दहापंधरा मिनिटे हाताने किंवा पंपाने दूध पिळून काढावे. बाळाने न केलेली मागणी आपण केली, असे त्याने होते. निघालेले दूध स्वच्छ वाटीत झाकून ठेवून पुढील खेपेस डब्याच्या दुधाआधी पाजावे. ते साध्या हवेत सुमारे चार तास टिकते. मालव्याच्या उन्हाळ्यात मात्र त्याहून लवकर वापरावे. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणे व्हावे. 'रात्री बाटली द्या, म्हणजे बाळंतिणीला झोप मिळेल' हा सल्ला मायेचा असतो, पण नेमक्या रात्रीच प्रोलॅक्टिन अधिक स्रवते. म्हणून रात्रीचे अंगावर पाजणे शक्यतो चुकवू नये. विश्रांती दिवसा मिळवून द्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाण. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या दिवशी वरचे दूध लागलेच तर एका खेपेस २ ते १० मिलिलिटर पुरेसे मानतात. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, आणि चौथ्या दिवशी ३० ते ६०. नेमके माप डॉक्टरांनी ठरवावे. पहिल्याच दिवशी बाटलीभर दूध पाजले तर बाळ दीर्घ काळ झोपते, घरचे समाधान पावतात, आणि आईच्या दुधाची मागणी तेवढा वेळ थांबते.

तिसरी गोष्ट म्हणजे भांडे. बाटलीच्या रबरी बोंडातून दूध आपोआप येते, अंगावर मात्र ओढावे लागते. त्यामुळे काही बाळे पुढे अंगावर पिण्याचा कंटाळा करतात. शिवाय बाटलीच्या कानाकोपऱ्यांत घाण राहते. आपल्या आज्यांच्या काळी घरोघरी चोचीचे बोंडले असे. सराफ्यातून हौसेने आणलेले चांदीचे बोंडले आजही काही घरांतील कपाटांत सापडेल. ते, किंवा साधी वाटी-चमचा, बाटलीपेक्षा बरा. बाळाला अर्धवट बसते धरावे, कडा ओठाला लावावी आणि त्याला आपल्या गतीने पिऊ द्यावे. दूध घशात ओतू नये. बोंडल्याची चोच आतून घासून उकळणे मात्र आवश्यक आहे.

आता भुकटी आणि पाणी. गाईचे किंवा म्हशीचे दूध पाणी घालून देण्याची चाल अजून आहे. पण त्यातील प्रथिने आणि क्षार नवजात बाळाच्या मूत्रपिंडांना जड जातात. वर्षाच्या आतील बाळासाठी खास तयार केलेली भुकटीच वापरावी. म्हशीच्या दुधापासून अशी भुकटी करण्याची रीत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बसवली गेली आणि १९६० च्या सुमारास आणंदच्या सहकारी दूधसंघाने ती बाजारात आणली. तोपर्यंत परदेशी डब्यांवर पुष्कळ भिस्त होती.

डब्यावर लिहिलेले माप तंतोतंत पाळावे. डबा अधिक दिवस पुरावा म्हणून दूध पातळ केले तर बाळ पोट भरूनही खंगते. घट्ट केले तर त्याच्या शरीरातील पाणी कमी होते. भुकटी ही जंतुरहित नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून पाणी खळखळून उकळावे आणि ते अर्ध्या तासाहून अधिक निवण्यापूर्वी, म्हणजे ७० अंशांच्या खाली जाण्याआधी, त्यात भुकटी मिसळावी. नंतर भांडे थंड पाण्यात धरून दूध कोमट करावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा. दूध दर खेपेस ताजे करावे. केलेले दूध दोन तासांत संपवावे. बाळाचे तोंड लागलेले उरले तर ते तासाभरानंतर टाकून द्यावे.

पाण्याविषयी एवढे आग्रहाने सांगण्यास कारण आहे. आपले इंदूर स्वच्छतेच्या देशव्यापी स्पर्धेत २०१७ पासून वर्षानुवर्षे अग्रभागी आहे. त्याच इंदुरातील भागीरथपुऱ्यात २०२५ च्या डिसेंबरअखेर पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले आणि अनेकांनी प्राण गमावले. मृतांत काही महिन्यांचे एक बालक होते, आणि त्याला वरच्या दुधात नळाचे पाणी घालून दिले जात होते, अशी हकीकत वृत्तपत्रांत आली होती. त्या माउलीचा यात काय दोष? नळाचे पाणी शुद्ध असावे, ही अपेक्षा तिने का करू नये? परंतु वरचे दूध घरात आले की शहराच्या जलवाहिनीची स्थिती थेट पाळण्यापर्यंत येते, हे आपण ओळखले पाहिजे. पाण्यास वास किंवा रंग दिसला तर ते उकळूनही वापरू नये. अंगावरच्या दुधाला असे कोणतेही पाणी लागत नाही. सहा महिन्यांपर्यंत, वैशाखाच्या उन्हातही, अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळे पाणी पाजण्याची गरज नसते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आणखी एक मार्ग आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. इतर मातांनी दिलेले दूध तेथे तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून बाळांना दिले जाते. तशी पेढी जवळ असेल तर डब्याआधी तिची चौकशी करावी. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बालदुग्धाच्या जाहिरातीस बंदी आहे, आणि डब्यावर आई किंवा बाळाचे चित्रही छापता येत नाही. तेव्हा कोणी एखादा डबा फुकट देऊ केला, तर तो कशासाठी, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

वजन वाढू लागले की डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध हळूहळू, एकेका खेपेने कमी करावे. पुष्कळ बाळे अशी काही आठवड्यांत पुन्हा पूर्णपणे अंगावर येतात. काहींना अखेरपर्यंत दोन्ही लागते. तरीही आईचे जितके दूध मिळेल तितका त्यांचा लाभच आहे. मात्र बाळ सुस्त पडून पिण्यास उठेनासे झाले, लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, ताप आला किंवा कावीळ तळपायांपर्यंत उतरली, तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरातील वडीलधाऱ्यांना शेवटी एक विनंती. 'हिला दूध पुरत नाही' असे म्हणण्याऐवजी बाळाचे लंगोट मोजा, वजन करून आणा, वाटी उकळून ठेवा, आणि बाळंतिणीला दुपारी दोन तास निजू द्या. तिचे दूध टिकण्यास याचा फार मोठा उपयोग होईल.