मागच्या चाकांना स्वातंत्र्य देताना

सिग्नल हिरवा होतो. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, मागची चाके जागच्या जागी फिरून धूर काढतात आणि पुढच्याच क्षणी गाडी सुटते. साठच्या दशकातील अमेरिकी ‘मसल कार’ची ही ओळख. १९६४ च्या पाँटियाक जीटीओमध्ये ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्ड मस्टँग बाजारात आली. सरळ रस्त्यावर या गाड्या सुसाट धावत. खडबडीत वळणावर मात्र त्यांची मागची बाजू उडत असे. इंजिन नव्या जमान्याचे होते, पण मागची चाके बैलगाडीच्या तत्त्वावर बसवलेली होती.

बैलगाडीची दोन्ही चाके एकाच आसावर असतात. एक चाक दगडावर चढले, की दुसरेही कलते. मसल कारमध्येही मागची दोन चाके एका अखंड पोलादी ॲक्सलने जोडलेली असत. त्याच्या मधोमध डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी दंतचक्रांची पेटी. मस्टँगमध्ये तर हे सारे आपल्याकडच्या ट्रकसारख्या पाट्यांवर बसवलेले होते. रचना स्वस्त, दणकट आणि दुरुस्तीला सोपी. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या सरळ शर्यतीत ती चोख काम करी.

आता अमेरिकेतील अनेक हौशी मालक हा ॲक्सल काढून त्या जागी ‘इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन’ बसवतात. यात प्रत्येक मागचे चाक स्वतंत्रपणे वर-खाली होते. डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि तिथून सांधे असलेले दोन आखूड दांडे चाकांपर्यंत ताकद नेतात.

वजन कुठे आहे?

या बदलाचा फायदा समजायला गाडीच्या वजनाचे दोन भाग करावे लागतात: स्प्रिंगच्या वरचे आणि खालचे. खड्डा आला, की खालचे वजन रस्त्याबरोबर झटकन वर-खाली व्हायला हवे. चाके, ॲक्सल आणि डिफरन्शियल असा सारा भार खाली असेल, तर उसळलेले चाक पुन्हा नीट टेकायला वेळ लागतो. रस्ता सोडलेला टायर गाडीला ना ढकलू शकतो, ना थांबवू शकतो. डिफरन्शियल सांगाड्यावर गेले, की खालचा भार बराच कमी होतो. नव्या जोडणीचे एकूण वजन जुन्यापेक्षा जास्त भरले, तरी हा फायदा मिळतो.

शरीरालाही फरक जाणवतो. स्प्रिंगवरची गाडी सेकंदाला साधारण एक-दोनदा झुलते. चालताना शरीराला अशा लयीची सवय असते. बसलेल्या माणसाला जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांचा. वर्षानुवर्षे अशी कंपने सोसणाऱ्या व्यावसायिक चालकांमध्ये कंबरदुखी अधिक आढळते. रविवारी तासभर फिरवायच्या गाडीसाठी मात्र हे कारण दुय्यम. तिथे चांगले शॉकॲब्सॉर्बर आणि टायर कमी खर्चात बरेच काम करतात.

स्वतंत्र म्हणजे सुरक्षितच?

कल्पना जुनीच आहे. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये आणि १९६३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये मागची चाके स्वतंत्र होती. जॅग्वारची जोडणी एका पोलादी चौकटीत बसवलेली असल्याने ती आख्खी उचलून दुसऱ्या गाडीत बसवण्याची पद्धत पडली. मस्टँगला सरसकट ही रचना मिळायला २०१५ च्या मॉडेलपर्यंत थांबावे लागले.

पण १९६० च्या शेव्हरोले कॉर्व्हेअरचीही मागची चाके स्वतंत्रच होती. तिच्या दांड्यांना फक्त डिफरन्शियलच्या बाजूला सांधा होता. त्यामुळे जोरदार वळणावर चाक गाडीखाली दुमडल्यासारखे कलू शके. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकातून तिच्यावर टीका केली. १९७२ च्या सरकारी अहवालात ती समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक ठरली नाही. तरी कंपनीने १९६५ च्या मॉडेलमध्येच मागची रचना बदलली होती. चाक हलताना कोणत्या कोनात राहते, यावर बरेच काही अवलंबून असते.

जुन्या गाडीत बदल करताना हाच धोका असतो. अखंड ॲक्सलवर दोन्ही चाके एकमेकांशी कायम समांतर राहतात. स्वतंत्र रचनेत त्यांची दिशा जोडदांड्यांची लांबी आणि जागा ठरवतात. मोजमाप चुकले आणि उचलले जाणारे चाक किंचित बाहेर वळले, तर भर वेगात गाडीची मागची बाजू घसरू शकते.

दुसरा प्रश्न सांगाड्याचा. पूर्वी डिफरन्शियलचा पीळ ॲक्सल आणि पाटे झेलत. आता तो गाडीच्या बुडाच्या पत्र्यावर येतो आणि साठ वर्षांच्या पत्र्याला बहुधा गंज लागलेला असतो. म्हणून आधी गंज काढून सांगाडा भक्कम करावा लागतो. ब्रेकचे पुढचे-मागचे प्रमाणही नव्याने जुळवावे लागते.

सरळ शर्यतीत तर हा बदल अडचणीचाही ठरतो. जोरात सुटताना गाडी मागे बसते, स्वतंत्र चाके आत कलतात आणि रुंद टायरच्या आतल्या कडेवरच भार येतो. १९९९ च्या मस्टँग कोब्रात कंपनीने दिलेली स्वतंत्र रचना काढून अनेक शर्यतप्रेमींनी अखंड ॲक्सल बसवला, तो याच अनुभवातून.

वळणावळणाच्या, खराब रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला हा खर्च पटू शकतो. त्यानेही काढलेला ॲक्सल भंगारात देऊ नये. मूळ स्वरूपातल्या गाडीला संग्राहक अधिक मोल देतात आणि एकदा कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.