नाण्यावरील खुणा कशा वाचाव्यात

१९०६ मध्ये नाशिकजवळील जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर राजाचा चेहरा दुसऱ्याच ठशाखाली दबलेला होता. वरवर ती मोडतोड वाटते; वस्तुतः नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने तीच नाणी स्वतःच्या चिन्हांनी पुन्हा छापली होती. नाण्यावरील प्रत्येक खुणेमागे असे कारण असते. ते ओळखण्यापूर्वी नाणे घासणे म्हणजे पुरावा पुसणे होय.

प्रथम नाणे तिरप्या उजेडात धरून भिंगातून पाहावे. रेघ उंचावलेली असल्यास ती बहुधा टांकसाळीतील असते. साच्याला तडा गेला की त्या तड्यात चांदी शिरून नाण्यावर उंच रेघ उमटते. खोल गेलेली रेघ किंवा खाच सहसा नंतरची असते. चांदी अस्सल आहे की नाही हे पाहण्यासाठी सराफ नाण्यावर छिन्नीचा घाव घालीत किंवा लहानसा ठसा मारीत.

वापराने झालेली झीज उंच भागापासून सुरू होते. गाल, केस, मुकुट प्रथम गुळगुळीत होतात. खोलगट अक्षरे दीर्घकाळ टिकतात. याउलट मोकळ्या जागेवर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले, तर कोणीतरी राखेने वा पावडरीने नाणे घासलेले असते.

रंगही बोलतो. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळी होते. हिरवा थर चांदीत मिसळलेल्या तांब्याचा असतो. क्षारयुक्त जमिनीत पुरलेल्या नाण्यावर करडा, मेणासारखा थर चढतो. त्याखाली चांदीच क्षरण पावलेली असल्याने तो खरवडू नये.

आपल्या घरांतून ब्रिटिशकालीन रुपया आढळतो. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम, चांदी बारा भागांत अकरा भाग. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले. अशा रुपयाच्या कडेला कधी कधी डाखाचा खडबडीत डाग दिसतो. तेथे एके काळी कडी होती आणि तो रुपया कोणाच्या तरी गळ्यातील माळेत होता. संग्राहकाच्या लेखी त्यामुळे नाण्याची किंमत घटते. परंतु ज्या घरात आजीचे छायाचित्र नाही, नावाचा कागद नाही, तेथे तो डाग हाच तिचा दस्तऐवज ठरू शकतो.

म्हणून असे नाणे कडेने धरावे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे आणि कोणाचे होते ते पाकिटावर लिहून ठेवावे. चिंच, लिंबू वा पावडर लावून ते चकाकवू नये. गेलेली चकाकी घासून परत येत नाही. खुणा मात्र कायमच्या जातात.