श्वासागणिक प्रार्थना

प्रार्थनेला बसावे आणि मन मात्र उरलेल्या कामांत भटकत राहावे, हा अनुभव कोणत्याही धर्माच्या माणसाला नवा नाही. ख्रिस्ती परंपरेने यावर फार पूर्वी एक साधा उपाय शोधला. लांबलचक प्रार्थनेऐवजी चार-सहा शब्दांचे एकच वाक्य घ्यायचे आणि ते पुन:पुन्हा म्हणायचे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती संन्यासी टोपल्या विणता विणता प्रार्थना करीत. त्यांच्या सहवासात राहून आलेल्या जॉन कॅसियनने त्यांची शिकवण पाचव्या शतकात लिहून ठेवली. त्यातील अब्बा आयझॅक हे गुरू बायबलच्या स्तोत्रसंहितेतील एकच ओळ जपायला सांगतात. तिच्यात देवाला मदतीसाठी हाक आहे. सुखात असो वा संकटात, काम करताना असो वा झोपी जाताना, हीच एक ओळ पुरेशी आहे, असे त्यांचे म्हणणे.

पुढे पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ‘येशूची प्रार्थना’ रूढ झाली. ग्रीसमधील एथॉस पर्वतावरच्या मठांत ती आजही चालते. श्वास आत घेताना येशूला प्रभू म्हणून हाक मारायची आणि श्वास सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’ अशी विनवणी करायची, ही तिची एक प्रचलित रीत. मोजण्यासाठी लोकरीची गाठी मारलेली दोरी असते. नामस्मरण आणि जपमाळ पाहत वाढलेल्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

तथापि, एक शंका उरतेच. देवाने ऐकावे म्हणून व्यर्थ बडबड करू नका, असे येशूनेच बजावले आहे. मग ही पुनरावृत्ती कशासाठी? उत्तर येशूच्याच एका दृष्टान्तात सापडते. मंदिरात परूशी आपले पुण्य सविस्तर सांगतो. जकातदार दूर उभा राहून, ऊर बडवीत फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदारच. म्हणजे दोष पुनरावृत्तीचा नसून पोकळपणाचा आहे.

एकोणिसाव्या शतकातील एका प्रसिद्ध रशियन पुस्तकातही हेच दिसते. त्यातील यात्रेकरूला गुरू प्रथम दिवसाला ३,००० वेळा, मग ६,००० आणि नंतर १२,००० वेळा ही प्रार्थना म्हणायला सांगतात. शेवटी मात्र मोजणेच सोडून द्यायला सांगतात. संख्या ही केवळ शिडी!

याचा शरीरावरही परिणाम होतो. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींचा अभ्यास करून २००१ साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. लॅटिन भाषेतील मरियेची प्रार्थना किंवा योगातील मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो, असे त्यांना आढळले. परंतु श्वास संथ होणे हे या प्रार्थनेचे उद्दिष्ट नव्हे. श्वासाचे अवघड प्रयोग जाणत्या मार्गदर्शकाशिवाय करू नयेत, असा जुन्या गुरूंचा इशाराही आहे.

सुरुवात अगदी साधी असावी. मनाला भिडणारे एखादे छोटे वाक्य निवडावे, ते वरचेवर बदलू नये. श्वास ओढूनताणून न घेता त्याच्या सहज लयीत पाच मिनिटे म्हणावे. मन भटकले तर स्वत:वर न चिडता पुन्हा त्या शब्दांकडे यावे. आजारपणात, रात्रीच्या जागरणात किंवा दु:खाने शब्दच सुचेनासे होतात, तेव्हा अंगवळणी पडलेले हे चार शब्द आपसूक ओठांवर येतात.