बख्त बुलंदचा आंबागड

तुमसर तालुक्यात, गायमुखजवळच्या डोंगरावर उभा असलेला आंबागड हा देवगडच्या गोंड राज्याचा पहारेकरी. राजा बख्त बुलंद शाहच्या काळात, १७०० च्या सुमारास, त्याचा सरदार राजाखान पठाण याने तो बांधला.

बख्त बुलंदचे राजकारण मात्र किल्ल्यापेक्षा चिवट. गादीच्या भाऊबंदकीत औरंगजेबाचा आधार मिळावा म्हणून त्याने १६८६ च्या सुमारास इस्लाम स्वीकारला. बेटीव्यवहार तरी गोंडांशीच ठेवला. पुढे त्याच बादशहाने पदच्युत केल्यावर बंड पुकारले, मराठ्यांशी संधान बांधले आणि मुघल मुलखात लुटालूट केली. याला धर्मांतर म्हणायचे की मुत्सद्देगिरी? आम्ही दुसऱ्या बाजूचे. १७०२ मध्ये नागपूर वसवण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते.

त्याच्यामागून आलेल्या चांदसुलतानच्या मृत्यूनंतर पुन्हा वारसाचा तंटा पेटला. वलीशाहने गादी बळकावली, तेव्हा चांदसुलतानची विधवा राणी रतनकुंवरने मराठा सरदार रघूजी भोसल्यांना बोलावले. ते मदतीला आले आणि राज्याचे धनी होऊन राहिले. भोसल्यांच्या अमलात आंबागडाचा तुरुंग झाला. कैद्यांना तिथल्या विहिरीचे विषारी पाणी पाजत, अशी वदंता आहे.