गाय एक, तज्ज्ञ अनेक : दुग्धव्यवसायात विद्यापीठांचे परस्पर सहकार्य

दुग्धव्यवसाय हा आता शेतीचा केवळ जोडधंदा राहिलेला नाही. पावसाने दगा दिला आणि पीक हातचे गेले, तरी दूध संस्थेकडून ठराविक दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पगारावर राज्यातील कितीतरी कुटुंबे तग धरून राहतात. अशा धंद्याला शास्त्रीय ज्ञानाचा आधार मिळणे अगत्याचे आहे, हे सर्वांस मान्य आहे. मात्र हे ज्ञान एका ठिकाणी साठविलेले नाही. ते निरनिराळ्या विद्यापीठांत, निरनिराळ्या विभागांत आणि निरनिराळ्या राज्यांत विखुरलेले आहे. ते एकत्र कसे येते आणि शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचण्यासाठी आपण काय करावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक नेहमीचे उदाहरण घेऊ. एखाद्या शेतकऱ्याची संकरित गाय तीन वेळा रेतन करूनही गाभण राहत नाही. शेतकऱ्यांच्या भाषेत ती ‘उलटते’. गाय साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते. म्हणजे तीन माज वाया गेले की दोन महिने वाया गेले. या काळात वैरण आणि पेंड चालूच असते, पुढचे वेत मात्र लांबते. आता याचे कारण काय? पशुवैद्यक गर्भाशयाचा दाह आहे काय ते पाहतो. पशुआहारतज्ज्ञ खनिजांची उणीव आहे काय असे विचारतो. रेतन करणारा कार्यकर्ता माज वेळेवर ओळखला होता काय याची चौकशी करतो. चारापिकांचा तज्ज्ञ गव्हाणीत हिरवी वैरण किती पडते ते पाहतो. यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे खरे असू शकते आणि पुष्कळदा एकाच गाईच्या बाबतीत दोन-तीन कारणे एकत्र नांदत असतात. गाय एकच असते. तिच्याविषयीचे ज्ञान तेवढे वाटले गेलेले असते.

विद्यापीठांची रचना

ही वाटणी कशी झाली हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ साली झाली. पुढे १९६९ साली अकोल्याचे आणि १९७२ साली दापोली व परभणी येथील विद्यापीठे अस्तित्वात आली आणि राहुरीसह चार विद्यापीठांकडे चार विभागांचे काम आले. १८८६ साली स्थापन झालेले मुंबईचे, १९५८ सालचे नागपूरचे आणि १९७२ सालचे परभणीचे ही पशुवैद्यकीय महाविद्यालये त्या काळी कृषी विद्यापीठांच्याच छत्राखाली होती. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि पशुवैद्यकीय महाविद्यालये त्याच्याकडे गेली. कृषी विद्यापीठांत पशुविज्ञान व दुग्धशास्त्राचे विभाग आणि चारापिकांचे संशोधन राहिले.

या रचनेमुळे पशुवैद्यकशास्त्राला स्वतंत्र स्थान मिळाले, हा लाभ मोठाच आहे. त्याचबरोबर एक नवी जबाबदारीही आली. गाईचा आजार एका विद्यापीठाकडे आणि तिची वैरण दुसऱ्या विद्यापीठाकडे, अशी स्थिती असताना दोहोंनी एकमेकांशी सतत विचारविनिमय ठेवला नाही, तर शेतकऱ्यास अर्धेच उत्तर मिळेल.

उसाच्या वाढ्याचा धडा

ऊस पिकविणाऱ्या भागात गळीत हंगामात वाढे मुबलक मिळते. पिकाच्या दृष्टीने पाहिले तर ती जवळजवळ फुकटची हिरवी वैरण होय. परंतु वाढ्यात ऑक्झॅलेट हे द्रव्य असते. जनावराच्या शरीरात ते कॅल्शियमशी संयोग पावते आणि तेवढे कॅल्शियम जनावराच्या उपयोगी न पडता बाहेर टाकले जाते. दुभत्या गाईला तर दुधासाठीच कॅल्शियमची मोठी गरज असते. महिनोन् महिने केवळ वाढ्यावर ठेवलेली गाय अशक्त होते, दूध कमी देते आणि विल्यानंतर तिला त्रास होण्याचा धोका वाढतो.

यावरील उपाय साधे आहेत. वाढ्याबरोबर लसूणघासासारखी द्विदल वैरण आणि कडब्याची कुट्टी द्यावी, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि रोजच्या आंबोणात खनिज मिश्रण घालावे. पण हा साधा सल्ला तयार होण्यास पिकाचा जाणकार, आहाराचा जाणकार आणि रोगाचा जाणकार असे तिघे लागतात. कोवळ्या ज्वारीचेही तसेच आहे. शेतात ती हिरवीगार दिसते. परंतु फुलोऱ्यापूर्वी कापलेली किंवा पाण्याच्या ताणात वाढलेली ज्वारी विषबाधेने जनावर दगावण्यास कारण होऊ शकते.

एका ठिकाणचा प्रयोग पुरेसा का नसतो

चाऱ्याच्या वाणांची पारख एकाच प्रक्षेत्रावर होत नाही. १९६२ साली झाशी येथे भारतीय चराई व चारा संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९७० साली चारापिकांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. या प्रकल्पात निरनिराळ्या राज्यांतील विद्यापीठे एकच वाण आपापल्या जमिनीत व हवामानात लावून पाहतात आणि आकडे एकत्र मांडतात. राहुरी हे त्यांपैकी एक केंद्र आहे.

या देवाणघेवाणीचे फळ आपल्या बांधावर दिसते. राहुरीच्या विद्यापीठाचा मक्याचा ‘आफ्रिकन टॉल’ हा वाण राज्याबाहेरही मोठ्या प्रमाणावर चाऱ्यासाठी पेरला जातो. उलट कोइमतूर येथील ‘सीओ-४’ आणि धारवाड येथील ‘डीएचएन-६’ हे संकरित नेपियरचे वाण, तसेच आणंद येथील लसूणघासाचा ‘आणंद-२’ हा वाण आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे झाले आहेत. राहुरीचे ‘फुले जयवंत’ हे संकरित नेपियर आणि ‘आरएल-८८’ हा लसूणघास त्यांच्या जोडीला आहेत. शेतकऱ्याने ठोंब कोठून आणले ते महत्त्वाचे नाही; आपल्यासारख्या जमिनीत त्याची परीक्षा झाली आहे की नाही, हे महत्त्वाचे आहे.

राज्यातील चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन व विकास समिती दरवर्षी एकेका विद्यापीठात भरते, ती याच हेतूने. एका विद्यापीठाने सुचविलेल्या शिफारशीची इतर विद्यापीठांच्या तज्ज्ञांसमोर छाननी होते.

वळूची परीक्षा

सहकार्याची खरी कसोटी पैदाशीच्या कामात लागते. वळू दिसावयास कितीही देखणा असला तरी तो स्वतः दूध देत नाही. त्याची योग्यता त्याच्या मुलींच्या दुधावरूनच ठरते. आज रेतन केले तर सुमारे ९ महिन्यांनी कालवड जन्मते. ती मोठी होऊन विण्यास आणखी अडीच-तीन वर्षे लागतात आणि तिचे पहिले वेत पुरे होण्यास दहा महिने. म्हणजे एका वळूविषयी खात्रीने बोलावयास साडेचार-पाच वर्षे थांबावे लागते. शिवाय दोन-चार मुलींच्या दुधावरून निष्कर्ष काढता येत नाही. एखादीला मालकाने चांगला खुराक घातला असेल, दुसरीला कासदाह झाला असेल. मुली पुष्कळ हव्यात आणि त्या अनेक गोठ्यांत हव्यात.

कोणत्याही एका विद्यापीठाच्या गोठ्यात इतक्या गाई नसतात. म्हणून १९८५ साली संकरित वळूंची परीक्षा शेतकऱ्यांच्या दारी करण्याचे काम सुरू झाले. केरळमधील मण्णुत्ती, पंजाबातील लुधियाना आणि आपल्या राज्यातील उरुळी कांचन येथील बाएफ ही त्याची केंद्रे होती. पुढे पंतनगरचे विद्यापीठही सामील झाले. बाएफ ही संस्था मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेली होय. एकाच वळूच्या रेतमात्रा निरनिराळ्या केंद्रांना वाटल्या गेल्या आणि त्याच्या मुलींच्या दुधाची नोंद घरोघरी जाऊन घेण्यात आली. लुधियानाची गाय थंडीत बरसीम खाते, केरळची गाय दमट उष्म्यात राहते, तर पुणे जिल्ह्यातील गाईच्या गव्हाणीत कडबा व वाढे असते. अशा भिन्न परिस्थितीतही ज्या वळूच्या मुली सरस ठरतात, त्या वळूवर भरवसा ठेवता येतो.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या मोठ्या योजनेचा पाया शेतकऱ्याच्या गोठ्यातील नोंद हाच आहे. धार काढताना मोजलेले दूध चुकीचे लिहिले गेले, तर पुढील सर्व गणित चुकते.

परदेशातील एक उदाहरण

तज्ज्ञ विखुरलेले असण्याची ही अडचण केवळ आपल्याच देशात आहे असे नव्हे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे कृषी विद्यापीठ आहे आणि १९१४ सालच्या कायद्याने विस्तारकार्य त्या विद्यापीठांशी जोडले गेले. तथापि प्रत्येक राज्याला दुग्धव्यवसायाच्या प्रत्येक शाखेचा तज्ज्ञ नेमणे शक्य होत नाही. म्हणून आयोवा, मिनेसोटा, नेब्रास्का, नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटा या पाच राज्यांतील विद्यापीठांच्या विस्तार तज्ज्ञांनी आपली शक्ती एकत्र केली. या भागातून जाणाऱ्या २९ क्रमांकाच्या महामार्गावरून त्यांनी आपल्या मंडळाला ‘आय-२९ मू युनिव्हर्सिटी’ असे नाव दिले. ‘मू’ म्हणजे गाईचे हंबरणे. या ‘विद्यापीठा’ला इमारत नाही आणि ते पदवीही देत नाही. हिवाळ्यात हे तज्ज्ञ या पट्ट्यातील गावी जाऊन गोपालकांच्या कार्यशाळा घेतात. एका राज्यात आहारतज्ज्ञ असेल आणि दुसऱ्यात कासेच्या आरोग्याचा जाणकार, तर दोघांचाही लाभ पाचही राज्यांतील शेतकऱ्यांना मिळतो.

आपली कृषी विद्यापीठे अमेरिकेतील याच पद्धतीच्या विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली आणि आरंभीच्या काळात महाराष्ट्राच्या कृषी विद्यापीठास पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे साहाय्य लाभले होते. तेव्हा हा मार्ग आपल्याला अनोळखी नाही.

रोग हद्द पाळीत नाही

लम्पी त्वचारोगाने सहकार्याची निकड सर्वांना पटवून दिली. २०१९ साली ओडिशात प्रथम आढळलेला हा रोग २०२२ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो; त्यांना जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी मिळून तयार केलेली लस ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. घोड्यांचे संशोधन करणारी संस्था गाईंच्या मदतीस धावली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तथापि लस टोचणे हा उपायाचा एक भाग झाला. उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवणे, सांडपाण्याचा निचरा करणे आणि गोचीड निर्मूलन ही कामे गावानेच करावयाची असतात.

गावपातळीवर काय करावे

विद्यापीठे एकत्र आली तरी गावात कृषी सहायक आणि पशुधन पर्यवेक्षक यांची भेटच होत नसेल, तर सहकार्य कागदावरच राहील. यास्तव पुढील गोष्टी कराव्यात.

(१) प्रत्येक दुभत्या जनावराची वही ठेवावी. कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक, विल्याची तारीख, माजाची तारीख व वेळ, रेतनाची तारीख, वापरलेल्या वळूचा क्रमांक आणि ठरलेल्या दिवशी मोजलेले दोन्ही वेळचे दूध तीत लिहावे.

(२) माज सकाळी दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. तीन वेळा उलटलेल्या गाईला चौथ्यांदा तसेच रेतन करू नये. आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी आणि त्याच वेळी वैरणीचाही आढावा घ्यावा.

(३) तज्ज्ञाला प्रश्न विचारताना तो पूर्ण विचारावा. ‘दुधाची फॅट कमी लागते’ एवढेच न सांगता गाय कितव्या महिन्यात आहे, वैरण कोणती व किती, आंबोण किती, कास निरोगी आहे काय, हे सर्व सांगावे.

(४) दूध संस्थेने महिन्यातून एक दिवस ठरवून कृषी सहायक व पशुधन पर्यवेक्षक या दोघांनाही एकाच वेळी बोलवावे. दोघांनी एकाच गोठ्यात उभे राहून एकच वही पाहावी.

(५) जो प्रश्न गावात सुटत नाही तो जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा. तेथे पीक, मृदा, पशुविज्ञान अशा निरनिराळ्या विषयांचे विशेषज्ञ नेमण्याची पद्धत आहे आणि विद्यापीठातील तज्ज्ञांशी त्यांचा संबंध असतो.

वरील पाचांपैकी पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नोंद नसेल तर पशुवैद्यक, आहारतज्ज्ञ आणि पैदासशास्त्रज्ञ हे तिघेही अंदाजाने बोलतील आणि तिघांचे अंदाज तीन निघतील. नोंद असेल तर तिघेही एकाच गाईविषयी बोलू लागतील. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या महिन्यात आपल्या गावातील निदान दहा गोठ्यांत अशी वही सुरू करून द्यावी. त्यासाठी खर्च फारसा येत नाही, आणि निरनिराळ्या विद्यापीठांतील ज्ञान गोठ्यात एकत्र आणण्याचा याहून जवळचा मार्ग नाही.