पाणी कोठे मुरते?

प्रस्तावना

‘पाणी कोठेतरी मुरते आहे’ हा वाक्प्रचार आपण नेहमी ऐकतो. एखाद्या व्यवहारात वरवर सारे ठीक दिसते, पण आत काहीतरी दडले आहे अशी शंका येते, तेव्हा हे शब्द सहज ओठांवर येतात. परंतु घरातले पाणी खरोखरच मुरू लागते, भिंतीवर ओल उमटते, न्हाणीघरातील गीझरखाली थेंब पडू लागतात, तेव्हा आपण वेगळेच वागतो. पाणी कोठून येते हे शोधण्याऐवजी ते कसेही करून थांबवण्याची घाई करतो. या घाईतून काय ओढवू शकते, गळतीचे कारण कसे ओळखावे आणि विश्वासू कारागीर कसा शोधावा, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दिल्लीत राहत होतो. जानेवारीची कडाक्याची थंडी होती. एके सकाळी आमच्या २५ लिटरच्या गीझरखाली पाण्याचे थेंब पडताना दिसले. संध्याकाळपर्यंत अर्धी बादली भरली. घाईघाईने मिळेल त्या कारागिराला बोलावले. तो आला, त्याने गीझरखालच्या एका लहानशा तोंडाकडे पाहिले, पिशवीतून आट्यांचे एक बूच काढले आणि पान्याने ते त्या तोंडात घट्ट बसवले. थेंब थांबले. दहा मिनिटांत काम झाले म्हणून आम्ही खूश झालो आणि सांगितले तेवढे पैसे दिले.

पुढे तीन आठवड्यांनी स्वयंपाकघरातला नळ बदलण्यासाठी दुसरे एक कारागीर आले. वयस्क होते, ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातले. हात धुण्यासाठी ते न्हाणीघरात गेले आणि तेथूनच त्यांनी हाक मारली. गीझर चालू होता. त्यांनी आधी तो बंद करायला लावला आणि मग त्या बुचाकडे बोट दाखवून विचारले, ‘‘हे कोणी लावले?’’ आम्ही मोठ्या कौतुकाने सांगितले, की त्यामुळेच गळती थांबली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘गळती थांबली नाही, गीझरचा श्वास थांबला आहे.’’

त्यांच्या या वाक्याचा अर्थ समजण्यासाठी गीझर कसा चालतो ते आधी पाहिले पाहिजे.

बंब आणि गीझर

महाराष्ट्रातील जुन्या घरांत पाणी तापवायला तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी आणि वरून थंड पाणी ओतायची सोय. बंबाला बाहेर उघडणारी वाट होती. त्यामुळे पाणी तापून वाढले किंवा वाफ झाली, तरी ती बाहेर निघून जाई.

गीझरचे तसे नाही. ‘गीझर’ हा शब्द आइसलँडमधील उष्ण पाण्याच्या एका प्रसिद्ध कारंज्याच्या नावावरून आला आहे. जमिनीखाली कोंडलेले पाणी तापते आणि उसळी मारून वर येते, असे ते कारंजे. आपल्या घरातील गीझरही पाणी कोंडूनच तापवतो. त्याची टाकी चोहोबाजूंनी बंद असते. खालच्या बाजूने थंड पाणी आत शिरते आणि ते वरचे गरम पाणी नळाकडे ढकलते. म्हणूनच गरम पाण्याचा नळ सोडला, तरी टाकी रिकामी होत नाही. जेवढे बाहेर जाते तेवढे आत येते.

पाणी तापले की प्रसरण पावते. २५ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे एक तृतीयांश लिटरने वाढते. हे वाढलेले पाणी जाणार कोठे? बहुतेक गीझरच्या थंड पाण्याच्या नळीवर एक झडप बसवलेली असते. ती टाकीतले पाणी उलट मागे जाऊ देत नाही. अशा वेळी दाब वाढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की सुरक्षा-झडप किंचित उघडते आणि थोडे पाणी बाहेर सोडते. कारागीर तिला ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ म्हणतात. हाच गीझरचा श्वास होय.

पाण्याचे तापमान राखण्याचे काम ‘थर्मोस्टॅट’ करतो. पाणी पुरेसे तापले की तो वीज तोडतो. तो बिघडला, तर दुसरा पहारेकरी म्हणून ‘थर्मल कटआउट’ असते. हे दोन्ही निकामी झाले, तर पाणी तापतच राहते. मग शेवटचा आधार उरतो तो सुरक्षा-झडपेचा. तिचेच तोंड बंद केले, तर बंद टाकीतील दाब वाढत जातो. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. पण टाकी फुटली, की त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा व्यापते. अशा स्फोटाची शक्ती किती असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

आमच्या घरी नेमके काय झाले होते, हे नंतर कंपनीच्या तंत्रज्ञाने तपासून सांगितले. थर्मोस्टॅट बिघडला होता. पाणी गरजेपेक्षा फार तापत होते, म्हणून झडप वारंवार उघडत होती. पडणारा प्रत्येक थेंब आम्हांला सावध करत होता आणि आम्ही त्याचेच तोंड बंद केले होते. केवळ कटआउटने वेळ निभावून नेली होती. ‘रोगापेक्षा इलाज भयंकर’ म्हणतात, तो असा.

थेंब कोठून पडतो?

गीझरखाली पाणी दिसले, म्हणजे गीझर फुटला असे नव्हे. गीझर बंद करून, थंड होऊ देऊन सर्व भाग कोरड्या फडक्याने पुसावेत आणि पहिला थेंब कोठे उमटतो ते लक्षपूर्वक पाहावे. ही जागाच बहुधा कारण सांगते.

(१) नळीच्या जोडावर थेंब दिसला, तर वॉशर झिजला असेल किंवा आटे सैल झाले असतील. हे काम सोपे व कमी खर्चाचे असते.

(२) सुरक्षा-झडपेतून, पाणी तापत असतानाच थोडे थेंब पडले आणि नंतर थांबले, तर ती झडप आपले काम करत आहे असे समजावे. मात्र पाणी थंड असतानाही गळत असेल, तर झडपेत कचरा किंवा क्षार अडकलेला असतो, अथवा इमारतीतील पाण्याचा दाब अधिक असतो. टाकी दर १० मीटर उंच गेली, की खालच्या नळातील दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोग्रॅमने वाढतो. म्हणून उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर ही तक्रार अधिक आढळते. झडपेतून वाफ किंवा कढत पाणी येत असेल, तर गीझर त्वरित बंद करावा आणि थर्मोस्टॅट तपासून घ्यावा.

(३) तापवणारी कांडी जेथे टाकीत शिरते, तेथील रबरी गॅस्केट खराब झाल्यास त्या जागेतून पाणी पाझरते. येथे पाणी आणि वीज अगदी जवळ असतात. त्यामुळे हा बिघाड अधिक धोक्याचा असतो.

(४) बाहेरच्या आवरणाच्या खालून तांबूस पाणी येत असेल, तर बहुधा टाकीच गंजलेली असते. टाकी गंजू नये म्हणून अनेक गीझरांत मॅग्नेशियमची एक कांडी बसवतात. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. क्षारयुक्त, जड पाण्याच्या गावी ती लवकर संपते. ती वेळेवर बदलली नाही, तर टाकीला छिद्र पडते. छिद्र बुजवण्यावर पैसे घालण्यापेक्षा आयएसआय चिन्ह असलेला नवा गीझर घेणे शहाणपणाचे ठरते.

गळती दिसताच

प्रथम वीज बंद करावी. ओल्या हाताने गीझरच्या बटणाला स्पर्श करू नये. विजेच्या मुख्य फलकावरील त्या जोडणीची कळ खाली करावी. नंतर थंड पाणी आत जाणारा कॉक बंद करावा. तो सापडत नसेल, तर छतावरील टाकीचा कॉक बंद करावा. पाणी निवेपर्यंत कोणताही जोड उघडू नये. नळाला हात लावताना मुंग्या आल्यासारखे जाणवले, तर तेथून बाजूला व्हावे, विजेचा मुख्य पुरवठा बंद करावा आणि वीजतंत्रीला बोलवावे. अशा वेळी केवळ प्लंबर पुरेसा नसतो. घरातील विजेच्या जोडणीला भूसंपर्क आणि ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण असणे, ही प्रत्येक न्हाणीघराची गरज आहे.

विश्वासू कारागीर

‘प्लंबर’ हा शब्द शिसे या अर्थाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन शब्दावरून आला. रोमन लोक शिशाचे नळ वापरत, म्हणून त्या धातूचे काम करणारा तो प्लंबर. आपल्या देशात या कामासाठी ओडिशातील केंद्रपाडा जिल्हा प्रसिद्ध आहे. तेथील पट्टामुंडई परिसरातील असंख्य कारागीर देशभरातील शहरांत नळजोडणीची कामे करतात. तेथे प्लंबिंगचे शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्येही प्लंबरचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तेव्हा कारागिराला त्याच्या शिक्षणाविषयी व अनुभवाविषयी विचारण्यात काहीच गैर नाही. परंतु अनेक उत्तम कारागीर वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे. प्रमाणपत्र नाही म्हणून कोणाला कमी लेखू नये.

मग विश्वास कशावरून ठेवावा? चांगला कारागीर आधी पाहतो, विचारतो आणि मगच पान्याला हात घालतो. बिघाड काय आहे हे तो आपल्याला समजेल अशा शब्दांत सांगतो. मजुरी किती आणि सुट्या भागांचे किती, हे कामाआधी स्पष्ट करतो. बदललेला जुना भाग दाखवतो. जे काम आपले नाही, ते ‘माझे नाही’ असे म्हणण्याचे धैर्य त्याच्याजवळ असते. आमच्या घरी आलेल्या त्या वयस्क कारागिरांनी बूच काढले, नवी सुरक्षा-झडप बसवली. पण विजेच्या भागाला हात लावला नाही. कंपनीचा माणूस बोलवा, तोवर गीझर लावू नका, असे बजावून ते गेले.

असा माणूस गळतीच्या दिवशी शोधू नये. ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होईल. शेजारी, इमारतीचा पहारेकरी, नळसामानाचा दुकानदार यांच्याकडे आधीच चौकशी करावी. एखादे लहान काम देऊन कारागिराची पारख करावी आणि त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. गीझर हमीच्या मुदतीत असेल, तर कंपनीच्या केंद्रालाच कळवावे. परक्या हाताने तो उघडल्यास हमी नाकारली जाऊ शकते. केंद्राचा क्रमांक हमीपत्रावरून घ्यावा. इंटरनेटवर कंपन्यांच्या नावाने खोटे क्रमांक देऊन फसवणूक केली जाते. दूरध्वनीवर कोणी बँकेचा सांकेतिक क्रमांक मागितला, तर तो कधीही देऊ नये.

पैसे देताना पावती घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २०२० पासून लागू झाला. त्यानुसार पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी असेल, तर ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांकही उपलब्ध आहे. पावती नसेल, तर आपली बाजू दुबळी होते.

समारोप

त्या दिवशी आम्ही त्या कारागिरांना नळ बदलण्याची मजुरी दिली. झडपेच्या कामाचे पैसे विचारले, तेव्हा त्यांनी झडपेची किंमत आणि वाजवी मजुरी एवढेच सांगितले. त्यांनी टाळलेल्या संकटाची किंमत आम्हांला कधीच मोजावी लागली नाही. आधीच्या कारागिराला दोष देणे सोपे आहे. पण त्याला ‘गळती का होते?’ असे आम्ही विचारलेच नव्हते. आम्ही ‘थांबव’ एवढेच सांगितले होते आणि त्याने तेवढेच केले.

जाणता ग्राहक आणि जाणता कारागीर एकमेकांना घडवतात. आपण योग्य प्रश्न विचारला, तर चांगल्या कारागिराला आपले कौशल्य दाखवण्याची संधी मिळते. म्हणून घरात पाणी मुरू लागले, की ते अडवण्याआधी त्याची वाट शोधावी. थेंब काही सांगत असतो. तो पुसण्याआधी ऐकावा.

स्वाध्याय

१. ‘गळती थांबली नाही, गीझरचा श्वास थांबला आहे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
२. बंब आणि गीझर यांतील महत्त्वाचा फरक कोणता?
३. पाठातील वाक्प्रचार व म्हणी शोधून त्यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या घरातील पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मुख्य फलक कोठे आहे ते पाहा व घरातील सर्वांना दाखवा.