नव्या गाडीत ओल आणि बुरशी : आधी पाण्याची वाट शोधा, मग कागद करा

कष्टाच्या कमाईतून काही रक्कम बाजूला काढावी, उरलेल्या रकमेचे कर्ज घ्यावे आणि धंद्यासाठी नवी गाडी दारात आणावी, ही आपल्यातील अनेक लहान व्यापाऱ्यांची व कारागिरांची जुनी इच्छा असते. गाडी येते, पेढे वाटले जातात आणि जूनमध्ये पाऊस सुरू होतो. पंधरा-वीस दिवसांत गाडीचे दार उघडताच कुबट वास येऊ लागतो. पायाखालचे मॅट उचलून पाहावे तर खाली ओल, सीटच्या कडेला पांढरट-हिरवट ठिपके. 'पावसाळ्यात असे होतेच' असे म्हणून बहुतेक जण डॅशबोर्डवर सुगंधी डबी ठेवतात आणि गप्प बसतात. वॉरंटीची मुदत मात्र दररोज एका दिवसाने कमी होत असते.

नव्या गाडीत पाणी शिरणे हा पावसाचा दोष नाही. ती गाडीतील किंवा नंतर केलेल्या फिटिंगमधील उणीव असते आणि ती दुरुस्त होऊ शकते. यासाठी काय करावे याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

कोल्हापूरकरांना हे का महत्त्वाचे?

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागात, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात पाऊस कोसळतो. आंबा, गगनबावडा किंवा फोंडा घाटाने कोकणात माल नेणाऱ्याची गाडी तासन् तास पावसाच्या माऱ्यात असते. शहरात लक्ष्मीपुरी, शाहूपुरीसारख्या पेठांत तीच गाडी काचा बंद करून दिवसभर उभी राहते. आत शिरलेले पाणी बाहेर जायला वाट मिळत नाही.

नुकसान केवळ वासापुरते नाही. आपल्या कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. अशा वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या कातड्यावर ओलीत बुरशी चटकन धरते. कापडाचे तागे आणि पुठ्ठ्याची खोकी यांचेही तेच. ओलसर गाडीत एक रात्र राहिलेला माल गिऱ्हाईक वासावरूनच परत करतो. शिवाय आजच्या गाड्यांत सीटखाली व कार्पेटखाली विजेच्या तारा आणि त्यांचे जोड असतात. ते गंजले की वेगवेगळे बिघाड सुरू होतात आणि त्यांचे मूळ ओलीत आहे हे लवकर ध्यानात येत नाही.

पाणी कोठून येते?

गाडीत पाणी शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे वायपरखालची जाळी. समोरच्या काचेवरून वाहणारे पाणी या जाळीतून खाली जाऊन दोन्ही बाजूंच्या भोकांवाटे जमिनीवर पडते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पाने व कचरा साचून ही भोके तुंबतात आणि पाणी पंख्याच्या वाटेने आत उतरते.

दुसरी जागा दरवाजा. काचेच्या फटीतून पाणी दरवाजाच्या पोकळीत जाणारच, तशी रचनाच असते. ते खालच्या कडेच्या बारीक भोकांतून बाहेर पडते. दरवाजाच्या आतील पत्र्यावर, पॅनलच्या मागे, प्लॅस्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. ही भोके बुजली किंवा स्पीकर बसवताना हा पडदा फाटला की पाणी थेट कार्पेटवर येते. दरवाजाभोवतीचे रबर, ज्याला आपले मिस्त्री बीडिंग म्हणतात, ते नीट बसले नसेल तरीही हाच प्रकार होतो.

याखेरीज समोरच्या काचेचे चिकटकाम, मागच्या दिव्यांचे गॅस्केट, छपरावरील कॅरिअरचे बोल्ट आणि पत्र्यांच्या सांध्यांत भरलेला मसाला ही ठिकाणे तपासावीत. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठत असेल तर संशय प्रथम मागच्या दिव्यांवर आणि डिकीच्या रबरावर घ्यावा. सनरूफ असलेल्या गाडीत तिच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून निचऱ्याच्या नळ्या खाली जातात. त्या तुंबल्या किंवा निसटल्या की छताच्या कापडावर डाग दिसू लागतात.

सगळेच पाणी पावसाचे नसते. पाऊस नसतानाही एसी लावल्यावर पुढच्या पायाशी ओल येत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. ओलीला गोडसर वास असून हाताला तेलकट लागत असेल आणि काचेवर आतून चिकट धुके धरत असेल, तर ते पाणी इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे समजावे. अशी गाडी तशीच चालवू नये.

वाट कशी शोधावी?

प्रथम मॅट काढून कार्पेट हाताने जोरात दाबून पाहावे. कार्पेटखाली जाड फोम असतो. वरचे कापड कोरडे लागले तरी फोममध्ये पाणी भरलेले असू शकते. पाणी जेथे साठते तेथूनच ते शिरते असेही नाही. पत्र्याच्या उताराने वाहून ते दुसऱ्याच कोपऱ्यात गोळा होते.

मग पाण्याची चाचणी घ्यावी. एक माणूस बॅटरी घेऊन आत बसावा आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने मंद धार सोडावी. सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे. एका जागी पाच-सात मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि नेमकी जागा कळत नाही. जोरदार दाबाचा फवारा वापरू नये. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवतो.

रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी रबरावर ठेवून दार बंद करावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघून आली तर तेथे दाब कमी आहे. चार दारांभोवती दर वीतभर अंतरावर हे करून पाहायला अर्धा तास लागतो आणि खर्च काहीच नाही.

वाळवणे आणि बुरशी काढणे

पाण्याची वाट बंद होण्यापूर्वी केलेली सफाई वाया जाते. वाट बंद झाल्यावर मात्र उशीर करू नये. ओल्या वस्तूवर 24 ते 48 तासांत बुरशी धरू शकते. कार्पेट व खालचा फोम उचलून उघड्यावर वाळवावा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याचा झोत सोडावा आणि गाडी चालवताना एसी लावावा, कारण एसी हवेतील दमटपणा खेचून घेतो. सीट काढण्याचे काम स्वतः करू नये. सीटखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसतात, ते बहुधा एअरबॅगचे असतात. जाणत्या मिस्त्रीनेच, बॅटरी सोडवून, तेथे हात घालावा.

बुरशी काढताना तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा आणि दारे सताड उघडी ठेवावीत. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. बुरशी कोरडी झटकू नये. साबणाच्या कोमट पाण्यात कापड भिजवून पिळून घ्यावे आणि त्याने पुसावे, मग जागा पूर्ण कोरडी करावी. ब्लीचिंगच्या द्रवाने कापडाचा रंग उडतो, कातड्याची हानी होते. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा ॲसिड एकत्र केल्यास विषारी वायू निघतो, म्हणून हा प्रयोग कदापि करू नये. फोममध्ये बुरशी मुरली असेल तर तो बदलून घेणे बरे.

आपल्याकडील एक सवयही येथे सांगितली पाहिजे. नव्या गाडीच्या सीटवरील प्लॅस्टिक महिनोन् महिने काढले जात नाही, आणि कार्पेट खराब होऊ नये म्हणून त्यावर जाड लॅमिनेशन चिकटवले जाते. दोन्हीमुळे ओल खाली कोंडून राहते आणि बुरशीला आयते घर मिळते.

जॉब कार्ड हाच पुरावा

ओल दिसताच तोंडी तक्रार करून परतू नये. सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डावर 'गाडीत पाणी येते, अमुक जागी ओल व बुरशी आहे' हे शब्द लिहून घ्यावेत. 'वॉशिंग व सफाई' एवढेच लिहिले असेल तर सही करू नये. तारीख दिसेल असे फोटो काढावेत. शक्य झाल्यास त्यांच्यासमोरच पाण्याची चाचणी करावी. दुरुस्तीनंतर काय केले, कोणता भाग बदलला, याची नोंद मागून घ्यावी. पुन्हा पाणी आले तर पुन्हा नवे जॉब कार्ड करावे. एकाच दोषाची तीन-चार कार्डे हाती असली की बोलण्याला वजन येते.

वॉरंटीची पुस्तिका नीट वाचावी. रबरी भागांची मुदत अनेकदा उरलेल्या गाडीपेक्षा कमी असते. तसेच बाहेरून पत्र्याला भोक पाडून कॅरिअर, कॅमेरा किंवा स्पीकर बसवला असेल तर कंपनी त्याच्याकडे बोट दाखवते. वॉरंटी संपेपर्यंत अशी कामे अधिकृत ठिकाणी पावती घेऊनच करावीत.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू आहे. नफ्याच्या व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, म्हणून अनेक व्यापारी 'आपण कुठे ग्राहक?' असे समजून मागे हटतात. परंतु स्वयंरोजगाराने आपली उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा खुलासा केला. पोटासाठी स्वतः रिक्षा किंवा ट्रक चालवणारा, किंवा स्वतः लेथ यंत्रावर काम करणारा माणूस ग्राहकच ठरतो. मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्याचा हा हक्क जात नाही.

तक्रार दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूसाठी दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. गाडी पुण्यात घेतली असली तरी कोल्हापुरात राहणारा किंवा धंदा करणारा माणूस कोल्हापुरातच तक्रार करू शकतो. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, 5 ते 10 लाखांसाठी 200 रुपये आणि 10 ते 20 लाखांसाठी 400 रुपये आहे. आधी सल्ला हवा असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा.

मागणी करताना मात्र तारतम्य हवे. 2006 साली मारुती उद्योगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल तर त्यासाठी संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश देता येत नाही. त्या ग्राहकाला प्रवासाच्या खर्चापोटी भरपाई मात्र मिळाली. म्हणून पक्की दुरुस्ती, खराब कार्पेट बदलून देणे आणि झालेल्या खर्चाची भरपाई ही मागणी अधिक टिकाऊ ठरते.

पुराचे पाणी वेगळे

2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. पुरात बुडालेल्या गाडीचा प्रश्न वॉरंटीचा नसून विम्याचा असतो. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही. बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये. इंजिनात पाणी जाऊन ते फुटते, आणि तशा नुकसानीची भरपाई बहुधा जादा हप्ता भरून इंजिनाचे संरक्षण घेतलेल्यालाच मिळते.

अशा गाड्या पुढे धुऊन-पुसून जुन्या बाजारात येतात. घेणाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहावे. सीटचे रूळ, डॅशबोर्डखालचे स्क्रू आणि स्टेपनीचा खड्डा येथील गंज लपत नाही.

कारागीर बांधवांसाठी

डेंटिंग, पेंटिंग, कुशन, काच, एसी या कामांत आपले अनेक बांधव आहेत. पाण्याची वाट अचूक शोधणारा मिस्त्री दुर्मीळ असतो आणि त्याचे नाव एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे आपोआप जाते. कुशनचे काम आले तर कव्हर चढवण्यापूर्वी खालचा फोम दाबून पाहावा आणि ओल असेल तर मालकाला स्पष्ट सांगावे. ओलीवर नवे कव्हर चढवून पैसे घेतले तर महिनाभरात वास परत येतो आणि गिऱ्हाईक मात्र परत येत नाही. जुनी गाडी विकणाऱ्यालाही हेच लागू आहे. दोष झाकून माल विकणे कोणत्याही सचोटीच्या व्यापारात बसत नाही.

आज ज्यांची नवी गाडी दारात उभी आहे त्यांनी पहिल्या मोठ्या पावसानंतर पाच मिनिटे काढावीत, मॅट उचलावे, कार्पेट दाबावे आणि स्टेपनीचा खड्डा पाहावा. ओल लागली तर त्याच आठवड्यात जॉब कार्ड करून घ्यावे.